'प्रयोग नको' म्हणताना

भारतात हृदयशस्त्रक्रियेतल्या संशोधनाचा विषय निघाला की चर्चा एकाच वाक्यापाशी अडते: 'आमच्या माणसावर प्रयोग नको.' ही भीती उगाच नाही. औषध चाचण्यांतल्या हलगर्जीवरून २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारला खडसावलं, २०१९ मध्ये नवी नियमावली आली. पण ब्रिटनमध्ये हृदयशस्त्रक्रिया विभागात संशोधनाचं काम करताना माझं मत पक्कं होत गेलंय: न तपासलेल्या उपचारांची भीती आपण फारच कमी बाळगतो.

हार्ट-लंग मशीनचंच घ्या. हृदय थांबवलेलं असताना रक्त नळ्यांतून यंत्रात जातं, तिथे प्राणवायू घेतं आणि महाधमनीत परत येतं. नळ्यांत गुठळी होऊ नये म्हणून आधी हेपारिन, शेवटी त्याचा असर उतरवायला प्रोटामिन. परक्या नळ्यांशी संबंध आला की रक्त बिथरतं, शरीरभर दाह उसळतो. तो दाबायला अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे स्टेरॉइड देत आले. तर्क पटण्यासारखाच होता. मग साडेसात हजार रुग्णांची 'सर्स' चाचणी झाली आणि २०१५ मध्ये कळलं की त्याने मृत्यू कमी होत नाहीत. चाचणीबाहेर ज्यांना ते दिलं गेलं, त्यांच्यावरही प्रयोगच झाला होता ना? फक्त त्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांची नोंदही कुठे झाली नाही.

मध्यंतरी चुलत भावाचा फोन आला. "ताई, बाबांची बायपास मशीनवर करायची की बीटिंग हार्ट, म्हणजे हृदय न थांबवता? इथे प्रत्येकजण वेगळंच सांगतोय." नेमक्या याच प्रश्नावरच्या 'कोरोनरी' चाचणीत १९ देशांतले ४,७५२ रुग्ण होते. सर्जन आपापल्या पद्धतीत मुरलेले. मृत्यू, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, मूत्रपिंड निकामी होणं, पुन्हा करावी लागणारी अँजिओप्लास्टी किंवा बायपास, या सगळ्याचा एकत्रित हिशेब पाच वर्षांनी मांडला तेव्हा दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. म्हणून भावाला म्हटलं, तुमचे सर्जन रोज कोणती पद्धत करतात ते विचार. त्या रुग्णांत भारतातलेही होते, हे ऐकून तो गप्पच झाला.

ब्रिटनमध्ये चाचणीच्या माहितीपत्रकात एक वाक्य असतं: भाग घ्यायला नकार दिलात तरी उपचारात फरक पडणार नाही. एका वयस्कर बाईंनी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली, मला ते पुन्हा वाचायला लावलं आणि शांतपणे नाही म्हणाल्या. त्यांची शस्त्रक्रिया ठरल्या दिवशीच झाली. असा नकार निर्धास्तपणे देता येतो, तिथेच होकारालाही किंमत असते. भारतात आदल्या रात्री कागदांच्या गठ्ठ्यात सही घेतली जात असेल, तर लोकांनी संशय घेणं रास्तच आहे. मात्र त्यावर उपाय चाचण्या बंद करणं हा नव्हे. रुग्णाला माहितीपत्रक मराठीत मिळावं, आधी मिळावं, त्यावर घरच्यांशी बोलायला वेळ मिळावा, हा आग्रह आपण धरायला हवा.

आणि चाचणी संपल्यावर निकाल रुग्णाला कळायलाच हवा. हे ब्रिटनमध्येही अनेकदा राहून जातं. ज्यांनी छाती उघडायच्या आदल्या दिवसांत आमच्यासाठी वेळ काढला, त्यांना पुढे काय निघालं ते सांगायला कुणी फोनही करत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.