सॅन फ्रान्सिस्कोत आशिया कसा बघावा

मुलाकडे सहा महिने राहायला गेलात, गोल्डन गेट बघून झाला, कॉस्टकोही पाठ झालं, की सूनबाई तुम्हाला एशियन आर्ट म्युझियमला नेणारच. घाबरू नका, थोडी तयारी असली की झालं.

आधी थेट तिसरा मजला गाठा. सुरुवात आपल्याकडच्या मूर्तींपासूनच होते. आवाज चढा ठेवा. प्रत्येक मूर्तीपुढे "हे आपलंच!" एवढं म्हटलं की पुरे, चोळ राजवटीतली की पाल राजवटीतली, या भानगडीत पडू नका. पाट्या पाहुण्यांनी वाचायच्या, मालकांनी नव्हे. गणपती दिसला तर चपला काढाव्यात का, यावर मात्र यजमानांशी सविस्तर वाद घाला. रखवालदाराची तेवढीच करमणूक.

चीन आला की गुडघे दुखायला लागले पाहिजेत. इसवी सन ३३८ची सोन्याचा मुलामा दिलेली बुद्धमूर्ती दिसेल. साल कोरलेल्या चिनी बुद्धमूर्तींत याहून जुनी माहीत नाही म्हणतात. "बुद्धही आपलाच" म्हणा आणि सरका. मग काचेत एक ब्राँझचा गेंडा लागेल. वीतभर उंच, गुटगुटीत, कान टवकारलेला. शांग राजवटीतलं हे मद्यपात्र, वय तीन हजार वर्षं, झाकण केव्हाच हरवलेलं. आत तळाला २७ अक्षरं कोरलीत: मोहिमेवरून परतताना राजाने यू नावाच्या अधिकाऱ्याला कवड्या दिल्या. साहेबाने दिलेला बोनस गड्याने गेंड्याच्या पोटात नोंदवून ठेवला! तुम्ही थांबू नका. गेंडे आपल्या काझीरंग्यात ढिगाने आहेत.

कोरिया-जपानमध्ये बाक शोधा.

"सगळं चोरून आणलेलं" हे वाक्य बाहेर पडण्याआधी एकदा यायलाच हवं. ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज यांच्या संग्रहावर १९६६ साली हे म्युझियम उभं राहिलं. इथल्या दोन कोरीव शिळा, देवळांच्या दारांवरच्या, २०२१मध्ये खरोखरच परत कराव्या लागल्या. पण त्या थायलंडच्या, त्यामुळे आपलं रक्त तापवायचं कारण नाही.

परतल्यावर झाडून सगळे फोटो व्हॉट्सॲपवर टाका. एखादा खवचट विचारेलच, काळा घोड्याच्या म्युझियममध्ये सर रतन टाटांनी जमवलेल्या चिनी-जपानी वस्तू आहेत, त्या पाहिल्यात का? जन्मभर चर्चगेटहून चालत ऑफिस गाठलेलं असलं, तरी बेधडक सांगा, "अहो, तिथे पार्किंग कुठे मिळतं!"