आधी वाट, मग खुराक

नमस्कार. एसएमए सिंड्रोमवरच्या, म्हणजे दोन धमन्यांच्या बेचक्यात आतडं चिमटून अन्न अडण्याच्या आजारावरच्या, लेखाखाली तुम्ही लिहिलंय, की हे नवं फॅड आहे, बारीक पोरांना उगाच सीटीत घालतात, आणि कोल्हापूरच्या गंगावेशीतलं धारोष्ण दूध दोन महिने पाजलं तर पोरगं आपोआप उभं राहतं.

फॅडचं म्हणाल, तर एडिंबराचे सर्जन विल्की यांनी १९२७ मध्येच अशा ७५ रुग्णांबद्दल लिहिलं होतं. तेव्हा सीटी नव्हतंच.

सीटीबद्दल मात्र तुमचं बरंचसं मान्य. महाधमनीतून आतड्याची वरची धमनी खाली फुटते आणि त्या बेचक्यातून ड्युओडेनमचा (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा) तिसरा भाग आडवा जातो. हा कोन साधारण ३८ ते ६५ अंश आणि अंतर १० ते २८ मिलिमीटर असतं. कोन २५ अंशांच्या आणि अंतर ८ मिलिमीटरच्या खाली गेलं की संशय घ्यायचा, पण संशयच. धडधाकट सडपातळ माणसातही बेचकं अरुंद सापडतं. 'कोन कमी म्हणजे निदान पक्कं' असा अर्थ निघेल असं वाक्य लेखात होतं, ते बदललंय. खरी अडवणूक दिसायला हवी: जठर आणि ड्युओडेनमचा आधीचा भाग फुगलेला, बेरियम (एक्स-रेत वाट दिसावी म्हणून पाजलेलं द्रव) तिसऱ्या भागाशी सुरीनं कापल्यासारखं उभ्या रेषेत थांबलेलं, तिथंच मागेपुढे हेलकावणारं, आणि पेशंटला पालथं किंवा डाव्या कुशीवर केल्यावर पुढे सरकणारं. नेहमीची एन्डोस्कोपी बहुधा दुसऱ्या भागापर्यंतच जाते. म्हणून 'दुर्बीण नॉर्मल, ॲसिडिटी आहे' म्हणत महिनोन्‌महिने गोळ्या चालतात. वजन आधी उतरलं की उलट्या आधी सुरू झाल्या, उलटीत हिरवं पित्त पडतं का, गुडघे छातीशी घेतल्यावर बरं वाटतं का, हे विचारायला तर पैसेही लागत नाहीत.

आता दूध. त्या दोन धमन्यांमध्ये चरबीची गादी असते. मोठं भाजणं, कण्याचं ऑपरेशन, जेवण तोडणं, कशानंही वजन झपाट्यानं उतरलं की ती विरते. चरबी परत आली की वाट उघडते, इथवर तुमचं बरोबर. पण चरबी यायला अन्न पुढे जायला हवं, आणि अडलंय तेच. वरून ओतलेलं दूध जठरात साचतं आणि उलटून पडतं. त्याबरोबर क्लोराईड आणि पोटॅशियम जातं, वजन आणखी घटतं, गादी आणखी झिजते. पांढरा रस्सा दिला तरी तेच.

म्हणून आधी नाकातून जठरात घातलेल्या रायल्स ट्यूबनं जठर रिकामं करायचं, सलाईन लावून पोटॅशियम सुधारायचं. मग नाकातून बारीक नळी अडथळ्याच्या पुढे, जेजुनममध्ये (ड्युओडेनमनंतरच्या आतड्यात) सोडायची. टोक एक्स-रेवर पाहिल्याशिवाय फीड सुरू करायचं नाही. जेजुनमला जठरासारखी साठवण नाही. ग्लासभर एकदम ढकललं तर मुरडा आणि जुलाब. ताशी २० ते ३० मिलीपासून, शक्यतो पंपावर. दर चार-सहा तासांनी कोमट पाण्यानं नळी धुवायची. गाळलेली नाचणीची पेजही ती चोंदवते. धारोष्ण दूध तर या नळीत अजिबात नको, कारण जंतू मारणारं जठरातलं आम्ल या वाटेवर नाही.

तालमीतला खुराकाचा हिशोब इथं लावू नका. उपाशी शरीरात एकदम कॅलरी गेल्या की फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम रक्तातून पेशींत ओढलं जातं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. किलोमागे दिवसाला १० कॅलरींनी सुरुवात, म्हणजे ३८ किलोच्या मुलाला ३८०. फारच खंगला असेल तर ५ नेच. थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) ग्लुकोजच्या आधी. सुरुवातीला रोज रक्ततपासणी. घरच्यांना हा कंजूषपणा वाटतो, आणि तेवढ्यात कुणीतरी मायेनं वाटीभर शिरा भरवतं.

वजन चढू लागलं की तोंडानं पातळ, थोडं थोडं, आणि खाल्ल्यावर डाव्या कुशीवर. काही आठवडे नीट फीड जाऊनही सुधारणा नसेल किंवा त्रास जुना असेल, तर ऑपरेशन. बहुतेक ठिकाणी पहिली पसंती पोटाला छोटी छिद्रं पाडून, दुर्बिणीतून ड्युओडेनम थेट जेजुनमला जोडण्याला असते. स्ट्राँगच्या पद्धतीत आतडं कापावं लागत नाही, फक्त ट्राइट्झचा बंध (ड्युओडेनमला वर टांगून धरणारा पट्टा) सोडवून ड्युओडेनम खाली घेतात, पण ती साधारण चारात एकदा फसते. जठर जेजुनमला जोडणं सोपं, पण ड्युओडेनममधलं पित्त तिथंच तुंबून राहतं, आणि उलट्या थांबल्या नाहीत तर त्याच पोराला पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं.