कुलूप तुटलं नाही, लागलंच नव्हतं

शाळेच्या पालक-ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. ‘पॅरेंटल कंट्रोल (मुलांच्या फोनवर पालकांनी लावायचे निर्बंध) म्हणजे मोबाईल कंपन्यांनी पालकांना लावलेला चुना. आजकालची पोरं ते दोन मिनिटांत तोडतात.’ खाली पुरावे: फोन रिसेट मारला की सगळं साफ, नेट बंद केलं की वेळेचं लिमिट बंद, फिल्टर लावूनही नको ते दिसतंच, काढून टाकलेलं ॲप न विचारता परत येतं, आणि आयफोनवर तर सेटिंग आपोआप उडतं. शेवटी उपाय: मुलाला कळू न देता त्याच्या फोनमध्ये एक छुपं ॲप टाका, लिंक खाली आहे.

नातेवाइकांत आणि आमच्या इमारतीत ‘जरा फोन बघून दे ना’ हे काम माझ्या गळ्यात पडलेलं आहे. त्या अनुभवावरून सांगतो, या मेसेजमधल्या बहुतेक तक्रारी खऱ्या आहेत. निदान साफ चुकलेलं आहे आणि औषध तर घातक आहे.

‘दोन मिनिटांत तोडतात’

मुलांनी तोडलं असं ज्या फोनबद्दल सांगितलं जातं, त्यातल्या बऱ्याच फोनवर तोडण्यासारखं काही नसतंच. शेजारच्या वहिनींचंच घ्या. ‘अहो भाऊजी, रात्री नऊचं लिमिट लावलंय, तरी हा पठ्ठ्या अकरापर्यंत गेम खेळतो. काय हॅक केलंय कोण जाणे.’ त्यांच्या फोनमध्ये गुगलचं फॅमिली लिंक, म्हणजे मुलाच्या फोनवर पालकांनी नियम लावायचं ॲप, उघडलं. मुलाचं नाव होतं, फोटो होता, नऊची वेळही नीट लावलेली होती. पण त्याच्या नावाखाली फोन दिसायला हवा, तिथे एकही फोन नव्हता. मग मुलाचा फोन घेतला, सेटिंगमध्ये गुगलवर टॅप केलं, तर वर त्याच्या बाबांचा जीमेल! दुकानात फोन चालू करून देताना जे खातं हाताशी होतं ते टाकलं गेलं आणि तेच राहिलं. मुलासाठी काढलेलं खातं वहिनींच्या फोनमध्ये कागदोपत्री नांदत होतं, मुलाच्या फोनला त्याचा पत्ताच नव्हता. पोरानं काहीही हॅक केलेलं नव्हतं.

फॅमिली लिंक हे फोनला लागत नाही, खात्याला लागतं. मुलाच्या फोनमध्ये मुलाचंच खातं असायला हवं, आणि ते घालताना पालकाचा पासवर्ड विचारला जायला हवा. तो विचारलाच नाही तर समजायचं की काहीतरी राहिलंय. वडिलांचं खातं काढण्याआधी फोटो आणि नंबरांचा बॅकअप घ्या, नाहीतर घरात वेगळंच महाभारत सुरू होतं. खातं काढताना जन्मसाल खरं टाका. ‘कशाला कटकट’ म्हणून १९९० टाकलेलं असेल, तर गुगलच्या लेखी तुमचा चौथीतला मुलगा संसारी माणूस आहे, आणि प्रौढ खात्याला पालक जोडता येत नाही.

दुसरी गफलत डिजिटल वेलबीइंगची. २०१८ साली अँड्रॉइड ९ सोबत आलेली ही सोय फोनच्या सेटिंगमध्येच असते. तिथे यूट्यूबला अर्ध्या तासाचा टायमर लावला की अर्ध्या तासाने ॲप करडं होतं, आणि आईला वाटतं काम झालं. पण तो टायमर मोठ्या माणसाने स्वतःलाच आवर घालण्यासाठी आहे. त्याला पालकाचा पिन नाही. ज्याच्या हातात फोन, तो त्याच पडद्यावर जाऊन टायमर काढतो. याला दोन मिनिटंही लागत नाहीत, हे कबूल. पण याला पॅरेंटल कंट्रोल म्हणत नाहीत.

आणि पिनबद्दल बोलायलाच नको. १२३४, गाडीचा नंबर, लग्नाचं साल. ज्या पोराच्या देखत तुम्ही रोज पिन टाकता, त्याला तो पाठ नसेल तरच नवल.

‘रिसेट मारला की संपलं’

बटणं दाबून फोन रिसेट करता येतो, हे खरं. पुढे काय होतं ते मेसेज सांगत नाही. अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून, स्क्रीन लॉक आणि गुगल खातं असलेला फोन असा रिसेट केला, की तो पुन्हा सुरू होताना आधीचंच खातं मागतो. मुलाने आपलं खातं घातलं, की त्या खात्याला चिकटलेले सगळे नियम परत हजर. हाती काय लागलं? गेममधली प्रगती आणि फोटो गेले. हे टाळायचे मार्ग दाखवणारे व्हिडिओ आहेत आणि जुन्या फोनांवर त्यातले काही चालतातही. पण ही चोरी लपत नाही. तुमच्या फॅमिली लिंकमध्ये तो फोन शेवटचा कधी दिसला, तिथे जुनी तारीख थिजून राहते. ती बघा.

‘नेट बंद केलं की लिमिट बंद’

उलट आहे. एकदा पोचलेलं लिमिट फोनमध्येच राहतं आणि नेट नसलं तरी वेळ संपल्यावर फोन लॉक होतो. नेट लागतं ते तुमचा नवा हुकूम पोचायला. तुम्ही ऑफिसातून ‘आत्ता लॉक कर’ दाबलं आणि फोन फ्लाइट मोडवर असला, तर तो हुकूम वाटेतच थांबतो. याचं दुसरं टोकही लक्षात ठेवा: प्रवासात रेंज नाही आणि फोन लॉक झालाय, तर तुमच्या ॲपमधला पालक-कोड टाकून तो उघडता येतो. हा कोड सतत बदलतो, त्यामुळे एकदा सांगितला म्हणून बिघडत नाही.

‘लिमिट दोन तासांचं, वापर चार तासांचा’ ही तक्रार इथलीच. फॅमिली लिंकचं रोजचं लिमिट प्रत्येक उपकरणाला वेगळं असतं. फोनला दोन तास आणि टॅबला दोन तास दिले, तर मुलाला चार तास मिळाले. हिशोब तुमचाच आहे. शिवाय ‘कायम परवानगी’च्या यादीत टाकलेली ॲपं लिमिट संपल्यावरही चालतात. अभ्यासाचं म्हणून तिथे क्रोम ठेवलं असेल, तर मग बोलणंच खुंटलं.

शाओमी, ओप्पो, विवो, रिअलमी अशा फोनांवर एक वेगळा त्रास असतो. बॅटरी वाचवण्याच्या नादात हे फोन मागे चालणारी ॲपं झोपवतात. मुलाचं लोकेशन सकाळचं दिसतं, मंजुरी उशिरा पोचते. फॅमिली लिंक आणि गुगल प्ले सर्व्हिसेस या दोघांनाही बॅटरीच्या सेटिंगमध्ये ‘निर्बंध नाहीत’ करा, ऑटोस्टार्ट असेल तर चालू करा. मुलाच्या फोनच्या सेटिंगमध्ये दुसरा युजर किंवा पाहुणा युजर उघडता येतो का, तेही बघून घ्या. फॅमिली लिंकमध्ये उपकरणाच्या सेटिंगखाली नवा युजर, अनोळखी ठिकाणचं ॲप आणि डेव्हलपर ऑप्शन (ॲप बनवणाऱ्यांसाठीची सेटिंग) ही तिन्ही दारं बंद करता येतात.

‘फिल्टर लावूनही नको ते दिसतंच’

दिसतं. कोणताही फिल्टर परिपूर्ण नसतो, हे गुगल स्वतःच सांगतं. मेसेजने त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र घाईचा आहे, कारण बहुतेक वेळा फिल्टर एका दारावर असतो आणि मूल दुसऱ्याने गेलेलं असतं. फॅमिली लिंकचा वेबसाइट फिल्टर क्रोमपुरता. दुसरा ब्राउझर तुम्हीच कधीतरी मंजूर केला असेल, तर तिथे तो लागू नाही. काही ॲपं लिंक आपल्याच पोटात उघडतात, तिथेही नाही. ‘मुलं इनकॉग्निटोमध्ये जातात’ असंही एक वाक्य त्या मेसेजमध्ये घुसडलेलं आहे. इनकॉग्निटो म्हणजे काय काय बघितलं याची नोंद न ठेवता ब्राउझर वापरायची सोय. पालकांच्या देखरेखीखालच्या लहान मुलाच्या खात्यावर क्रोमचा इनकॉग्निटो मिळतच नाही. तो दिसत असेल, तर पुन्हा पहिल्या मुद्द्यावर या: फोनमध्ये खातं भलत्याचंच आहे.

यूट्यूबचं थोडं सविस्तर. तेरा वर्षांखालच्या खात्याला दोन वाटा: एक यूट्यूब किड्सची, दुसरी देखरेखीखालच्या मुख्य यूट्यूबची. दुसऱ्या वाटेत तीन पातळ्या आहेत: साधारण ९ वर्षांपुढची, १३ पुढची, आणि जवळपास सगळं यूट्यूब. तिसरी पातळी निवडून ‘फिल्टर चालत नाही’ म्हणणारे पालक मी पाहिलेत. त्याहून मजेची गोष्ट, मुलाच्या फोनवर कडक पहारा आणि हॉलमधल्या टीव्हीवर बाबांच्या खात्याने यूट्यूब सताड उघडं.

घरच्या वायफायवर आणखी एक चाळणी बसवता येते. राउटरमध्ये डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या) जागी १.१.१.३ टाकायचं. ही क्लाउडफ्लेअरची फुकट सेवा २०२० पासून आहे आणि ती प्रौढ साइट अडवते. मोबाईल डेटावर ती लागू नाही, म्हणून तिच्यावरच विसंबून राहू नका.

‘काढलेलं ॲप परत येतं’

हे शंभर टक्के खरं आहे आणि तो बिघाड नाही. एकदा मंजूर केलेलं ॲप काढून पुन्हा टाकताना, किंवा अपडेट करताना, गुगल प्ले पालकाला पुन्हा विचारत नाही. फॅमिली लायब्ररीत घरच्यांनी वाटून घेतलेल्या ॲपचंही तेच. त्यामुळे गेम नुसता डिलीट करून काही होत नाही. फॅमिली लिंकमधल्या ॲपच्या यादीत जाऊन तो ब्लॉक करावा लागतो, मग तो मुलाच्या फोनवर उघडत नाही. मंजुरी नेमकी कशासाठी मागायची, याचेही पर्याय आहेत. तिथे ‘फक्त विकतचं’ निवडलेलं असेल, तर फुकटचे गेम बिनबोभाट उतरणार.

‘आयफोनवर सेटिंग आपोआप उडतं’

इथे मेसेजला अर्धे मार्क. आयफोनमधलं पॅरेंटल कंट्रोल म्हणजे स्क्रीन टाइम; ते २०१८ साली आलं. मुलाच्या फोनवर पालकांनी लावलेली डाउनटाइमची (फोन बंद ठेवायची) वेळ कधी कधी टिकत नाही, हे ॲपलने २०२३ मध्ये मान्य केलं होतं. तेव्हा सॉफ्टवेअर अपडेट झालं की एकदा मुलाच्याच फोनवर जाऊन वेळा तपासा.

पण रोजच्या तक्रारींचं मूळ बहुतेकदा एका स्विचमध्ये असतं. लिमिट लावताना खाली ‘ब्लॉक ॲट एंड ऑफ लिमिट’ असतं. ते बंद असेल, तर वेळ संपल्यावर मुलाला नुसती सूचना दिसते आणि तो ‘इग्नोर’ दाबून पुढे जातो. स्क्रीन टाइमचा कोड ठरवताना तो विसरल्यास उपयोगी म्हणून एक ॲपल खातंही विचारतात. तिथे मुलाचं खातं दिलं, तर तो आपल्याच पासवर्डने कोड बदलू शकतो. पालकाचं द्या. शक्यतो ॲपलचं फॅमिली शेअरिंग करून, म्हणजे घरच्यांची खाती जोडून, सगळं आपल्या फोनवरून लावा, म्हणजे त्याच्यासमोर कोड टाकायची वेळ येत नाही.

‘त्यापेक्षा हे छुपं ॲप टाका’

रोग परवडला पण औषध नको, ते हेच. गुगल प्ले लपून पाळत ठेवणारी ॲपं ठेवू देत नाही, म्हणून ती बाहेरच्या लिंकवरून येतात. ती टाकताना आधी प्ले प्रोटेक्ट (घातक ॲपं शोधणारी गुगलची तपासणी) बंद करायला सांगतात, मग ॲक्सेसिबिलिटीची (अपंगांना फोन वापरायला मदत करणाऱ्या सोयीची) परवानगी मागतात. ती दिली, की पडद्यावर दिसणारं आणि टाइप होणारं बरंचसं त्या ॲपला वाचता येतं. मुलाचे मेसेज, फोटो, शाळेतून घरी यायचा रस्ता हे सगळं एका अनोळखी कंपनीच्या सर्व्हरवर जातं. या धंद्यातल्या नावाजलेल्या एमस्पायचा डेटा २०१५, २०१८ आणि २०२४ अशा तीन वेळा फुटला. फॉरवर्डमधल्या बिननावाच्या लिंककडून काय अपेक्षा ठेवणार?

आणि ‘तोडता येत नाही’ हा दावाही टिकत नाही. अँड्रॉइड सेफ मोडमध्ये सुरू केला, की बाहेरून टाकलेली ॲपं चालत नाहीत. फॅमिली लिंकला नावं ठेवून जे घ्यायला सांगितलं, ते याहून कच्चं निघालं. वर मुलाला ते सापडलं, की घरात काय होईल ते वेगळंच. फॅमिली लिंक मुलाचे मेसेज पालकांना दाखवत नाही, आणि त्याला ठाऊक असतं की ते फोनमध्ये आहे. माझ्या मते ही त्याची उणीव नाही.

ती लिंक दाबून कुणी ॲप टाकून बसलं असेल, तर आज रात्रीच हे करा. प्ले स्टोअरमध्ये प्ले प्रोटेक्ट चालू करून स्कॅन करा. सेटिंगमध्ये ‘ॲडमिन’ शोधा, यादीत अनोळखी नाव असेल तर त्याचा अधिकार काढा, मगच ते ॲप हटवता येईल. ॲक्सेसिबिलिटीची यादीही तशीच चाळा. त्यानंतर मुलाच्या खात्याचा पासवर्ड बदला, पण दुसऱ्या फोनवरून. ॲप टाकताना त्यात तुमचा कार्ड नंबर दिला असेल, तर बँकेला कळवून ते कार्डही ब्लॉक करा.