‘आमचा गवंडीसुद्धा करेल’

सकाळी फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आलं. लंडनच्या टेट म्युझियममधल्या विटांचा फोटो आणि खाली ओळ: ‘याला म्हणे कला! आमचा गवंडी चहा प्यायच्या आत करेल.’ चौदा जणांनी हसून लोळणारे चेहरे टाकले. त्या ग्रुपवर माझे वडील आहेत आणि ते गवंडी होते. दुपार उलटून गेली तरी माझं डोकं शांत झालेलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

आबा घरं बांधणारे गवंडी नव्हेत, भट्टीचे. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एमआयडीसीत छत्तीस वर्षं त्यांनी कुपोलांचं लायनिंग केलं. कुपोला म्हणजे लोखंड वितळवायची उभी भट्टी. तिचं नळकांडं आतून फायर ब्रिकनी, म्हणजे आगीत टिकणाऱ्या विटांनी, मढवायचं, सांधा कागदाएवढा ठेवायचा, कारण सांध्यातूनच आग बाहेर पडायची वाट शोधते. भट्टी पेटली की तेच लायनिंग जळायला लागायचं. थंड झाली की आबा आत उतरायचे, गेलेल्या विटा फोडून काढायचे आणि पुन्हा लावायचे. त्यांच्या हातचं काम कुणाला दाखवायला आज काहीही शिल्लक नाही.

मी लंडनला नोकरीला होते तेव्हा आई-आबा उन्हाळ्यात आले होते. एका पावसाळी दुपारी आम्ही टेट मॉडर्नला गेलो. ती इमारत म्हणजे जुनं वीजघर, सगळं विटांचं, धुराडं 99 मीटर उंच. आबा छत्री धरून बाहेरच दहा मिनिटं उभे. ‘हितं कोण गवंडी हुता?’ असं त्यांनी मला विचारलं. मला सांगता आलं नाही.

मग आत त्या विटा दिसल्या. अमेरिकन शिल्पकार कार्ल आंद्रेचं ‘इक्विव्हॅलंट 8’. जमिनीवर 120 फायर ब्रिक, दोन थरांत, आयतात. आबा गुडघे धरत खाली बसले. गार्ड दोन पावलं पुढे आला, तसे त्यांनी हात मागे बांधले आणि नुसत्या डोळ्यांनी मोजलं. ‘साठ वर, साठ खाली.’ मग म्हणाले, ‘माल घातल्याला न्हाई. उद्या काढून भट्टीत लावल्या तरी चालतील.’

ही गोष्ट मी नंतर घरी जाऊन वाचली आणि थक्क झाले. 1966 साली आंद्रेनं न्यूयॉर्कमध्ये अशी आठ शिल्पं मांडली होती. विकली गेली नाहीत, तेव्हा त्यानं विटा वीट-कारखान्याला परत करून पैसे घेतले. 1972 मध्ये टेटनं यातलं एक विकत घेतलं, तोवर तो कारखाना बंद पडलेला. म्हणून त्यानं दुसऱ्या विटा आणल्या, त्या या भट्टीच्या. आबांनी जे पाहताक्षणी ओळखलं तेच त्या कामाचं मर्म होतं. वीट चिकटवलेली नाही, रंगवलेली नाही, तासलेली नाही. ती वीटच आहे.

आणि आठच का, तेही सांगते. साठ विटांचा आयत करायचा तर 3 गुणिले 20, 4 गुणिले 15, 5 गुणिले 12 किंवा 6 गुणिले 10. प्रत्येकात विटा लांबीत लावा किंवा रुंदीत, म्हणजे चार दुणे आठ. आठांची उंची तीच, वजन तेच, आकार मात्र वेगळे. एक लांबट पट्टा, एक जवळजवळ चौकोन. हे कळायला कलेची पदवी लागत नाही, पाढे लागतात. हा आंद्रे 1960 ते 1964 पेनसिल्व्हेनिया रेलरोडवर मालगाड्यांवर ब्रेकमन होता. एकामागे एक डबे जोडणारा माणूस एकाशेजारी एक वीट ठेवतो, यात न समजण्यासारखं काय आहे?

1976 मध्ये इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी याच विटांवरून असाच गदारोळ केला होता. कुणी तरी येऊन त्यांवर निळा रंगही ओतला. म्हणजे आपल्या ग्रुपवरचा विनोद पन्नास वर्षांचा शिळा आहे.

मला राग कशाचा येतोय ते नीट लिहिते. ‘गवंडीसुद्धा करेल.’ या ‘सुद्धा’चा. हे वाक्य आंद्रेला लागतच नाही, गवंड्याला लागतं. गवंड्यानं केलं म्हणजे त्यात काही नाही, हे तुम्ही इतकं गृहीत धरलंय की त्यावर हसताय. तुमच्या बंगल्यांच्या भिंती ओळंब्यात कुणी उभ्या केल्या?

त्या दिवशीही दोन कॉलेजची पोरं आमच्या शेजारी उभी राहून हसत होती. ‘माझा बापही हे करेल,’ असं इंग्रजीत म्हणाली. आबांनी विचारलं, ‘काय म्हनत्यात?’ मी सांगितलं. ते म्हणाले, ‘करंल की. त्यात हसन्यासारखं काय?’

पैशाचं म्हणाल, तर विटांना म्युझियम मिळतं आणि लायनिंगवाल्याला पेन्शनसुद्धा नाही, हे मलाही बोचतं. दुसरा अमेरिकन शिल्पकार डोनाल्ड जड, त्याच्या टेक्सासमधल्या मार्फा गावातल्या 100 ॲल्युमिनियमच्या पेट्या, बाहेरून सारख्या मापाच्या आणि आतून प्रत्येक वेगळी, कारखान्यातल्या कारागिरांनी घडवल्या आणि नाव जडचं लागलं, हेही खरं. आंद्रेवर बायकोच्या, आना मेंदिएताच्या, मृत्यूचा खटला चालला, 1988 मध्ये तो सुटला. त्याला देव माना असं मी म्हणतच नाहीये. विटांकडे बघा, एवढंच म्हणतेय.

आबा वीसेक मिनिटं तिथे होते. आईचे पाय दुखायला लागले, ती बाकावर जाऊन बसली. उठताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि हळू आवाजात म्हणाले, ‘लावल्याली आन् न जळल्याली वीट पयल्यांदाच बगतोय.’ तेव्हा मला काही बोलता आलं नाही. आता लिहितानाही भरून येतंय.

तर ज्यानं ते फॉरवर्ड टाकलं त्या माझ्या चुलतभावाला मी सकाळी फार कडक लिहिणार होते. पोस्ट लिहिता लिहिता तो राग थोडा उतरलाय. त्यानं त्या विटा पाहिलेल्याच नाहीत. पण दादा, आबांना फोन कर. सांधा म्हणजे काय ते विचार. ते तासभर बोलतील.

आत्ताच ग्रुपवर आबांचा व्हॉइस मेसेज आला. ‘ह्ये आपन बगितल्यालं न्हवं? साठ वर, साठ खाली. अजून तशाच हाईत का गं?’