श्रीलंकेतल्या मिडवाइफ बाई आणि आमच्या गल्लीतल्या आशाताई

मागच्या वर्षी आईला श्रीलंकेतल्या अनुराधापूरला नेऊन आणलं. आपल्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष ज्या झाडाच्या रोपापासून वाढला, ते झाड एकदा डोळ्यांनी पाहायचं, हा तिचा कित्येक वर्षांचा ध्यास. भदंत आनंद कौसल्यायनांनी ते रोप नागपुरात आणलं तेव्हा ती शाळकरी पोर होती.

फोटो टाकले तर एका मित्राने लिहिलं, "ज्यांना आपण धान्य-इंधन पाठवून जगवलं, त्यांच्याकडे काय पाहायचं?" उत्तर द्यायचं राहून गेलं होतं, ते आज देतो.

२०२२ साली तो देश दिवाळखोरीत गेला, हे खरं आहे. पेट्रोलसाठी दोन-दोन दिवसांच्या रांगा लागल्या, महागाई ७० टक्क्यांच्या घरात गेली, कितीतरी डॉक्टर देश सोडून गेले. त्याआधी जवळपास २६ वर्षं यादवी युद्ध. चहाच्या मळ्यांतले तमिळ मजूर आजही इंग्रजांच्या काळातल्या लाईनींत, म्हणजे एका रांगेतल्या खोल्यांत, राहतात. तिथे सगळं छान आहे असं मी अजिबात म्हणणार नाही.

पण आम्ही ज्या घरी उतरलो होतो, त्यांची सून सात महिन्यांची गरोदर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी मिडवाइफ आली. हातात छत्री, खांद्याला पिशवी. चपला दारात काढल्या, सुनेचा रक्तदाब घेतला, पोट तपासलं, कार्डावर नोंदी केल्या, पायावरची सूज अंगठ्याने दाबून पाहिली. मग सासूला बाजूला घेऊन काहीतरी दटावलं. या बाईला दीड वर्षाचं प्रशिक्षण, कायम नोकरी, महिन्याचा पगार. बाळंतपण सरकारी दवाखान्यात, फुकट. आणि देश कंगाल झाला त्या वर्षीही या बाया घरोघरी जात होत्या, असं सासूबाईंनी सांगितलं.

आई माझ्याकडे वळून म्हणाली, "आपल्याकडं काऊन नाही रे असं?"

त्यांनी हे श्रीमंत झाल्यावर केलेलं नाही. मोफत शिक्षण १९४५ पासून, स्वातंत्र्याच्याही आधीपासून. मुली शिकल्या, दवाखाने खेड्यापर्यंत गेले. २०१६ मध्ये तो देश मलेरियामुक्त जाहीर झाला. तिथला माणूस सरासरी ७७ वर्षं जगतो, आपला ७२. बाळंतपणात दगावणाऱ्या बायांचं प्रमाण आपल्या निम्म्याहून कमी.

आपल्याकडे मेट्रो आली, सिमेंटचे रस्ते झाले, पानठेल्यावरही फोनने पैसे देता येतात. मला त्याचा आनंदच आहे. पण माझ्या मावशीला छातीत दुखायला लागलं तेव्हा एका खाजगी दवाखान्याने दीड लाख भरल्याशिवाय आत घेतलं नाही. मावसभावाने त्या रात्री सोनं मोडलं, पुढच्या महिन्यात वावर गहाण टाकलं. मावशी वाचली. वावर अजून सुटलेलं नाही. राहणीमान मोजायचं तर मी ते इथे मोजतो, त्या वावरापाशी.

आमच्या गल्लीतल्या आशाताई, म्हणजे घरोघरी फिरणाऱ्या सरकारी योजनेतल्या आशा सेविका, त्याही त्या मिडवाइफइतक्याच राबतात. फरक एवढाच की त्यांना पगार नाही, मानधन आहे, आणि त्यासाठीही नागपूरच्या संविधान चौकात आंदोलनाला येऊन बसावं लागतं.

परवा त्या सर्व्हेला आल्या. आईने त्यांना पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, त्या श्रीलंकेतल्या बाईची सगळी गोष्ट सांगितली. आशाताईंनी नीट ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तिचा पगार महिन्याच्या महिन्याला येते का वो, काकू?"