एफ-वन दाबलं की अंधार होतो

शेअर बाजाराच्या टर्मिनलवर, म्हणजे सौदे टाकायच्या सॉफ्टवेअरवर, एफ-वन म्हणजे खरेदी आणि एफ-टू म्हणजे विक्री. ब्रोकरच्या ऑफिसात खुर्ची तापवलेल्या माणसाच्या बोटांना हे इतकं पाठ असतं, की झोपेत एफ-वन दाबलं तरी तो संख्या विचारेल. मॅकबुकवर मात्र एफ-वन म्हणजे स्क्रीनचा उजेड एक पायरी कमी आणि एफ-टू म्हणजे एक पायरी जास्त. त्यामुळे विंडोजसाठी बनलेलं टर्मिनल मॅकवर बसवणाऱ्याला पहिल्याच सकाळी बाजाराचं मर्म कळतं. घेत गेलं की अंधार पडत जातो, विकलं की उजेड येतो. उजेडाच्या पायऱ्या सोळा आहेत. सोळा वेळा 'खरेदी' केली की स्क्रीन काळी होते आणि खात्यात एकही शेअर आलेला नसतो.

पुढची बटणंही अशीच मनकवडी आहेत. ऑर्डरबुक, म्हणजे टाकलेल्या ऑर्डरींची यादी, पाहायला एफ-थ्री दाबावं, तर उघडलेल्या साऱ्या विंडो पत्त्यांच्या डावासारख्या समोर पसरतात. झालेल्या सौद्यांच्या ट्रेडबुकसाठी एफ-एट दाबावं, तर गाणं सुरू होतं, आणि तोट्याच्या दिवशी ते नेमकं सनई-चौघड्याचं निघतं. उपाय सोपा आहे. सिस्टिम सेटिंग्ज, कीबोर्ड, मग कीबोर्ड शॉर्टकट्स, त्यात 'फंक्शन कीज' या नावाखाली एक खटका आहे. तो चालू केला की एफ-वन खरा एफ-वन होतो आणि उजेड कमी करायला एफएन दाबून धरावं लागतं. तरी एफ-इलेव्हन मागे उरतोच. तो डेस्कटॉप दाखवण्यासाठी राखून ठेवलेला असतो, त्याला त्याच यादीतून वेगळं बेदखल करावं लागतं. आणि मॅकवर 'डिलीट' अशी पाटी असलेल्या बटणातून बॅकस्पेस निघतो. मार्केट वॉचमधली, म्हणजे भावांच्या यादीतली, नकोशी स्क्रिप (शेअर) काढायला खरं डिलीट लागतं, ते एफएन आणि डिलीट एकत्र दाबल्यावर मिळतं. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकलेल्या जुन्या लॅपटॉपवर हाच गोंधळ असेल, तर बऱ्याच मॉडेलांत एफएन आणि एस्केप एकत्र दाबून एफएनचं कुलूप फिरतं. नाही फिरलं, तर बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरायचं.

हा उद्योग करतं कोण? विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरोघरी असे लॅपटॉप आहेत की ज्यांची प्रकृती ठणठणीत, पण विंडोज ११ त्यांना दारात उभं करत नाही, कारण प्रोसेसर एखाददुसऱ्या पिढीने जुना. त्यांच्यावर लिनक्स बसतं. दुसरा वर्ग मॅकवाल्यांचा. मॅक बहुधा दुसऱ्याच कामासाठी आलेला असतो, बाजार त्यात नंतर शिरतो. आणि तिसरा वर्ग शहाण्यांचा, जो म्हणतो, "ब्राउझरमध्ये कर की, नाहीतर मोबाइलवर." त्याचं बरोबर आहे. दिवसाला दोन सौदे करणाऱ्याने हा लेख इथेच मिटून ब्राउझर उघडावा. पण ज्याच्याकडे पंधरा वर्षांच्या डेटावर बॅकटेस्ट (जुन्या भावांवर डावपेचांची चाचणी) चालतात, ज्याची सूत्रं अॅमिब्रोकर या चार्टच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेली आहेत आणि ज्याला माउसला हात लावायची लाज वाटते, त्याला विंडोजचा कार्यक्रम सुटत नाही.

अॅमिब्रोकरचीच गंमत सांगतो. आज ते फक्त विंडोजवर चालतं आणि आम्ही ते दुसरीकडे चालवायला धडपडतो. पण त्याच्या नावातला 'अॅमि' हा अमिगा नावाच्या संगणकाचा आहे. १९९५ साली ते त्या संगणकासाठी लिहिलं गेलं, आणि अमिगा बनवणारी कमोडोर कंपनी त्याच्या आदल्याच वर्षी दिवाळखोरीत गेली होती. म्हणजे मुहूर्तावरच घरमालकाने दिवा मालवलेला. अशा सॉफ्टवेअरला परक्या घरात राहायची सवय असेल, असं आपल्याला वाटतं. नसते.

परक्या घरात राहायची सोय म्हणजे वाइन. नाशिकची नव्हे; १९९३ पासून चालत आलेला मोफत कार्यक्रम, जो विंडोजच्या प्रोग्रॅमचं बोलणं लिनक्सला किंवा मॅकला समजेल अशा भाषेत सांगतो. नवीन मॅकवर, म्हणजे २०२० च्या एम-वनपासून पुढे, एका दुभाष्याने भागत नाही. वाइन विंडोजची भाषा मॅकच्या भाषेत करतो आणि रोझेटा इंटेलच्या सूचना अॅपलच्या चिपला समजावतो. जुन्या काळी स्थळ आणताना दोन मध्यस्थ असत, तसं हे. मुलीकडच्यांनी "चहा घेता का" विचारलं आणि मुलाकडे "हुंडा मागतात" असं पोचलं, तर दोष कुणाचा हे कधीच कळत नाही. भर म्हणून, २०१९ च्या कॅटालिनापासून मॅकने ३२ बिट प्रोग्रॅम पूर्ण बंद केले, आणि आपली बरीच टर्मिनलं ३२ बिटच आहेत. त्यामुळे मॅकवर जुनं वाइन कुठून तरी उचलून आणू नये. नव्या वाइनमध्ये ३२ बिट प्रोग्रॅम ६४ बिटांच्या पोटात चालवायची सोय आहे, तीच लागते.

वाइनमध्ये 'प्रीफिक्स' नावाचा प्रकार असतो. प्रीफिक्स म्हणजे एक साधा फोल्डर, आणि त्यात पोटभाडेकरूसाठी मांडलेलं खोटं विंडोज: सी ड्राइव्ह, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगांची वही), सगळं. नवशिका सगळे प्रोग्रॅम एकाच प्रीफिक्समध्ये कोंबतो. मग टर्मिनलला लागणारं डॉट नेट ४.८ हे मायक्रोसॉफ्टचं जोडसॉफ्टवेअर घातलं, की आजवर नीट चाललेलं चार्टचं सॉफ्टवेअर रुसतं. दोन सवाष्णी एका पाटावर बसवू नयेत. प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळा प्रीफिक्स, आणि त्यात आधी कोअर फाँट्स, मग व्हिज्युअल सी प्लस प्लसचे रनटाइम, मग डॉट नेट, शेवटी प्रोग्रॅम, हा क्रम. वाइनट्रिक्स हा मदतनीस हे सगळं आणून देतो, पण डॉट नेट ४.८ बसताना अर्धा तास सहज जातो आणि मधे पडदा पूर्ण गप्प असतो. या शांततेत लोक खिडकी बंद करतात आणि अर्धवट डॉट नेट घेऊन बसतात. त्याची दुरुस्ती होत नाही. प्रीफिक्स पुसून पुन्हा पहिल्यापासून.

एकदा सगळं चालायला लागलं, की त्याच मिनिटाला तो फोल्डर बांधून दुसऱ्या डिस्कवर ठेवावा. डॉट नेटसकट दोन-तीन जीबी होतो. मुरलेल्या लोणच्याची एक बरणी माळ्यावर असावी, तशी. खालची बरणी नासली की वरची काढायची, पाच मिनिटांत बाजार सुरू. खऱ्या विंडोजमध्ये ही चैन नाही, आणि या पंथात राहण्याचं माझ्या मते हे एकच सज्जड कारण आहे.

टर्मिनल सुरू झालं आणि आतला भाग काळा किंवा पांढरा फटक दिसला, तर घाबरू नये. बहुधा पडदा रंगवायचं काम त्याने ग्राफिक्स कार्डाकडे सोपवलेलं असतं आणि दुभाष्याला ते जमत नाही. रजिस्ट्रीत 'अॅव्हॅलॉन डॉट ग्राफिक्स' या शाखेखाली 'डिसेबल एचडब्ल्यू अॅक्सिलरेशन' ही नोंद १ केली की डॉट नेटचे बरेच पडदे उजळतात. अक्षरं मुंगीएवढी दिसत असतील, तर वाइनच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्सखाली डीपीआयच्या ९६ या आकड्याच्या जागी १२० किंवा १४४ करावं. १९२ केलं, तर अक्षरं छान दिसतात आणि 'सबमिट'चं बटण स्क्रीनच्या बाहेर जातं.

मग येतात फिक्समी. वाइन काळ्या खिडकीतून सुरू केलं, की पहिल्याच मिनिटाला शंभरेक ओळी धडाधड उतरतात, प्रत्येकीच्या सुरुवातीला 'फिक्समी'. नवा माणूस एकेक ओळ शोधत रात्र काढतो. फिक्समी म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेतल्या सूचना. वहीत लिहून घेतात, अध्यक्ष मान डोलावतात, पुढे काही होत नाही आणि इमारतही पडत नाही. वाचायच्या त्या 'ईआरआर'ने सुरू होणाऱ्या ओळी, आणि त्यातही ज्या ओळीत एखाद्या डीएलएलचं, म्हणजे प्रोग्रॅमला लागणाऱ्या जोडफाइलचं, नाव असेल ती. ते नाव म्हणजे हरवलेला पाहुणा. तो आणून बसवला की पंगत सुरू.

पाहुण्यांवरून आठवलं, प्लगइन. लाइव्ह डेटा अॅमिब्रोकरला पोचवणारं प्लगइन ३२ बिट असेल, तर ६४ बिट अॅमिब्रोकर त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. चूक दाखवत नाही, तक्रार करत नाही, यादीत नावच येत नाही. म्हणून आधी डेटा देणाऱ्याला विचारावं की तुमचं प्लगइन किती बिटांचं, आणि मग अॅमिब्रोकर उतरवावं. लोक नेमकं उलटं करतात, कारण ६४ हा आकडा ३२ पेक्षा मोठा आहे.

एक्सेलवाल्यांची कथा सर्वांत करुण. टर्मिनलमधले भाव एक्सेलमध्ये आपोआप नाचतात, ते डीडीई किंवा आरटीडी या दोन पाइपांतून. हे पाइप विंडोजच्या आतल्या आत असतात. टर्मिनल वाइनमध्ये आणि शीट लिनक्सच्या लिब्रेऑफिसमध्ये ठेवली, तर भाव भिंतीच्या पलीकडे येणार नाहीत. एकाच माळ्यावर राहणाऱ्या पण बोलणं टाकलेल्या भावांसारखी अवस्था. इथे वाइनचा हट्ट सोडावा आणि व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या पोटातला संगणक) घ्यावं, म्हणजे टर्मिनल आणि एक्सेल दोन्ही एका खऱ्या विंडोजच्या आत. त्याला चार जीबी मेमरी आणि दोन कोअर द्यावेत. संगणकात एकूण आठच जीबी असतील, तर यजमान आणि पाहुणा दोघेही अर्धपोटी राहतात हे धरून चालावं. नव्या मॅकवर हे विंडोज एआरएमचं असतं. ते साधे इंटेलचे प्रोग्रॅम चालवतं, पण इंटेलचे ड्रायव्हर घेत नाही. ज्यांचं लायसन्स यूएसबी डोंगलमध्ये आहे आणि डोंगलचा एआरएम ड्रायव्हर निघालेला नाही, त्यांनी तो डोंगल किल्ल्यांच्या जुडग्याला लावावा.

आता घड्याळ, ज्याच्यावर फारसं कुणी बोलत नाही. एकाच लॅपटॉपवर लिनक्स आणि विंडोज दोन्ही असतील, तर मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक समजून वाचतं. फरक साडेपाच तासांचा. बाजार सकाळी ९:१५ ला उघडतो तेव्हा विंडोज सांगतं, पहाटेचे ३:४५ वाजलेत, झोपा. संगणकाच्या घड्याळावर चार्टच्या कँडल रचणाऱ्या कार्यक्रमात मग दिवसाचा व्यवहार काकड आरतीच्या वेळी सुरू होतो आणि सकाळी दहाला आटोपतो. लिनक्सच्या बाजूने 'टाइमडेटसीटीएल' या आज्ञेला लोकल आरटीसी १ करायला सांगावं, किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत 'रिअलटाइम इज युनिव्हर्सल' १ करावं. दोन्ही एकदम करू नये, नाहीतर वेळ उलट्या बाजूने चुकते. जुन्या डेस्कटॉपवर सेल संपलेला असतो तो प्रकार वेगळा. तिथे रोज सकाळी संगणक काही वर्षं मागे जागा होतो, सर्व्हरचं प्रमाणपत्र त्याला भविष्यातलं वाटतं आणि लॉगिन नाकारलं जातं. सीआर २०३२ नावाचा नाण्याएवढा सेल बदलला की संगणक वर्तमानात येतो. आणि व्हर्च्युअल मशीन उघडं ठेवून लॅपटॉप मिटला, तर उघडल्यावर आतलं घड्याळ मिटल्या वेळेवरच अडकलेलं असू शकतं. जेवणानंतर पहिलं काम घड्याळ पाहणं, दुसरं भाव.

तारखेचाही असाच घोळ. वाइन यजमानाच्या भाषेची सेटिंग उचलतं. ती अमेरिकन इंग्रजी असेल, तर ०१-०२-२०२५ ही २ जानेवारी होते. खरी तारीख १ फेब्रुवारी, आणि त्या शनिवारी बजेटसाठी बाजार उघडा होता. चार्टवर ते बजेट जानेवारीच्या एका गुरुवारी मांडलं जातं. १ ते १२ या तारखा वर्षभर विखुरतात आणि १३ पासून पुढच्या ओळी आयात होतानाच गळतात. एनएसईने जुलै २०२४ पासून भावकॉपीचा, म्हणजे रोजच्या भावांच्या फाइलचा, साचा बदलला. आधी तारखेत महिना अक्षरांत असायचा, आता वर्ष, महिना, दिवस अशी आकड्यांत असते. अॅमिब्रोकरच्या फॉरमॅट फाइलमध्ये डेट वायएमडी असं स्पष्ट लिहावं आणि सेटिंगच्या भरवशावर काहीच सोडू नये.

तालीम खऱ्या पैशानेच होते, पण थोड्या. प्री-ओपनच्या, म्हणजे बाजार उघडण्याआधीच्या सत्राच्या, आधी पावणेनऊला लॉगिन करावं. बाजार उघडल्यावर एखाद्या स्वस्त शेअरची एक नग खरेदी, चालू भावापेक्षा पाचेक टक्के खाली लिमिट लावून टाकावी. फॉर्म निळा आला का पाहावं. लाल आला, तर तुम्ही विकताय. ऑर्डरबुकात ती दिसते का, किंमत बदलता येते का, रद्द होते का, हे तिन्ही एफ-बटणांनी करून बघावं. स्टॉपलॉस (तोटा थांबवायची मर्यादा) आपल्या सॉफ्टवेअरच्या डोक्यात ठेवू नये; एक्सचेंजकडे ऑर्डर म्हणून टाकावा, म्हणजे वाइनला भोवळ आली तरी तो जागेवर असतो. मोबाइलचं अॅप शेजारी लॉगिन करून उलटं ठेवावं. इंट्राडे पोझिशन उघडी राहिली आणि स्क्रीन गोठली, तर ब्रोकर बाजार संपण्याआधी ती स्वतः कापतो आणि त्याचं शुल्कही लावतो.

वाइनची नवी आवृत्ती आठवड्याच्या मधे घेऊ नये, शुक्रवारी साडेतीननंतर घ्यावी. मुहूर्ताच्या सौद्यांच्या दिवशी तर मुळीच नाही. तासाभराचा बाजार, समोर लक्ष्मी मांडलेली, घरचे सगळे मागे उभे, आणि ताटातलं निरांजन ओवाळायच्या क्षणी कुणीतरी हौसेने एफ-वन दाबतं.