सही नाकारणाऱ्याला धडगाव, सही करणाऱ्याला बढती

एखाद्याची नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावला बदली झाली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय भानगड केली भो?" बदली कोणी केली, मुदतीआधी का केली, ऑर्डरवर कारण काय लिहिलंय, हे कोणी विचारत नाही. माणसानेच काहीतरी केलं असणार, असं सगळे धरून चालतात. सरकारी ऑफिसात कारकुनी करून मी रिटायर झाले. एवढ्या वर्षांत जे पाहिलं त्यावरून सांगते, यातल्या पुष्कळांनी भानगड करायला नकार दिलेला असतो.

आणि धडगाव ही शिक्षा कशी काय झाली, हेही कोणीतरी एकदा सांगावं. धडगाव, अक्कलकुवा, मोलगी, तोरणमाळ हा सातपुड्यातला भाग. कुपोषणाच्या बातम्या तिथून येतात, बाळंतिणीला झोळीत घालून डोंगर उतरावा लागतो तो तिथे. खात्यातली सगळ्यात चांगली माणसं तिथे हवीत. सरकारलाही हे कळतं, म्हणून तर आदिवासी भागात काम करणाऱ्यांना एकस्तर, म्हणजे एक पायरी वरची वेतनश्रेणी देण्याचा ६ ऑगस्ट २००२ चा शासन निर्णय आहे. कागदावर प्रोत्साहन आणि साहेबांच्या केबिनमध्ये धमकी, "फार शहाणपणा केला तर धडगाव दाखवीन." यात त्या कर्मचाऱ्याचा अपमान आहेच, पण तिथल्या पावरा-भिल्ल माणसाचाही आहे. त्याचं गाव म्हणजे दुसऱ्याच्या शिक्षेची जागा, हे आपण इतक्या सहज कसं बोलतो?

माझ्या पाहण्यातलं एक प्रकरण सांगते. ऑफिसचं, माणसाचं नाव लिहिणार नाही. शाखा अभियंता होता, तरुण, शिरपूरकडचा. डांबरी रस्त्याचं काम, मार्च एंडचे दिवस. बिल ३१ तारखेच्या आत काढायचं म्हणून ठेकेदाराची माणसं सकाळ-संध्याकाळ ऑफिसात बसून. त्याने रस्त्याच्या कडेला सळईने थर उकरला, शाळेतली फूटपट्टी उभी धरली आणि फोटो काढले. मी ते फोटो पाहिले आहेत. टेंडरमधल्या जाडीच्या निम्मासुद्धा थर नव्हता, आणि खाली नुसती सुटी खडी. एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमाप पुस्तकात, मोजमाप लिहून सही करायची होती त्याने. त्याने जे मोजलं तेच लिहितो म्हटलं. मग त्याला आधी चहा पाजला, मग समजावलं, मग "घरी लहान पोरं आहेत ना?" असं विचारून झालं. शेवटी एमबी दुसऱ्याकडे दिली, दुसऱ्याने सही केली, बिल निघालं.

त्याने सर्कलला, म्हणजे वरच्या ऑफिसला, पत्र लिहिलं. पाकिटावर मोठ्या अक्षरात 'गोपनीय'. आणि पुढे जे झालं ते माझ्या टेबलावरून झालं, कारण आवक-जावकला तेव्हा मी होते. बारा-पंधरा दिवसांत ते पत्र खाली आमच्याच ऑफिसला आलं. वर एक कव्हरिंग लेटर. विषय : अमुक, शाखा अभियंता, यांचा तक्रार अर्ज. खाली मजकूर, सोबतच्या अर्जातील मुद्द्यांबाबत आपला वस्तुनिष्ठ अहवाल सात दिवसांत सादर करावा. ज्यांच्याबद्दल तक्रार होती त्यांनाच! पाकीट उघडं. रजिस्टरला नोंद झाली, पत्र डाक पॅडमध्ये गेलं, पॅड शिपायाच्या हातात, तिथून केबिनमध्ये. दुपारचा डबा उघडायच्या आत ठेकेदाराच्या मोबाइलवर त्या पत्राचा फोटो होता. हे मी ऐकीव सांगत नाही. ठेकेदाराने स्वतः तो फोटो आमच्या एका सहकाऱ्याला दाखवला.

यात कोणाला फार मोठा कट करावा लागला नाही. तक्रार ज्याच्याविरुद्ध, त्याच्याकडेच 'अहवालासाठी' पाठवायची ही आपल्याकडची रोजची रीत आहे. तलाठ्याविरुद्धची तहसीलमधून फिरून तलाठ्याकडे येते, मुख्याध्यापकाविरुद्धची मुख्याध्यापकाकडे. सत्येंद्र दुबे आठवतात का? राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले इंजिनीअर. सुवर्ण चतुष्कोनाच्या कामातली लूट त्यांनी थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवली होती आणि माझं नाव गुप्त ठेवा अशी विनंती त्याच पत्रात केली होती. ते पत्र नावासकट खात्यात फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांना गोळी घातली. एवढं झाल्यावरही आपल्या ऑफिसातली टपाल फिरवायची पद्धत बदलली नाही, याचा मला फार राग येतो.

आमच्या त्या अभियंत्याची तीन महिन्यांत बदली झाली. कुठे, ते सांगायला नको. ऑर्डरवर कारण, "प्रशासकीय निकड". आपल्या राज्यात बदल्यांचा कायदा आहे, २००५ चा. साधारण तीन वर्षांची मुदत, बदल्या एप्रिल-मे मध्ये, आणि मध्येच कोणाला हलवायचं असेल तर अपवादात्मक परिस्थिती किंवा विशेष कारण लेखी नोंदवून वरच्या अधिकाऱ्याची आधी मंजुरी घ्यायची. कायदा चांगला आहे. पण ते लेखी कारण फायलीत राहतं आणि कर्मचाऱ्याच्या हातात येतात ते दोन शब्द. कारण पाहायचं तर माहिती अधिकारात अर्ज करा, नाही मिळालं की अपिलात जा, तोवर शाळा सुरू झालेली असते आणि पोरांचे दाखले काढलेले असतात.

बदली निदान दिसते तरी. खरा छळ त्यानंतर सुरू होतो आणि तो बाहेरच्यांना दिसतच नाही. त्याची एलपीसी, म्हणजे अंतिम वेतन प्रमाणपत्र, जुन्या ऑफिसने अडवून ठेवलं. ते गेल्याशिवाय नव्या ऑफिसात पगार निघत नाही. सेवापुस्तक "सापडत नाही". टूल बॉक्स आणि दोन खुर्च्या जमा केल्या नाहीत म्हणून ना-देय दाखला नाही. पगाराविना महिने जातात, घराचा हप्ता थांबतो, सोसायटीचं व्याज चढतं. गुन्हा कुठेच नाही, प्रत्येक पायरीवर फक्त उशीर आहे, आणि उशिराबद्दल आपल्याकडे कोणाला शिक्षा होत नाही. त्यातूनही माणूस नमला नाही तर विभागीय चौकशी लावतात आणि लोंबकळत ठेवतात. निकाल द्यायची घाई कोणालाच नसते. चौकशी चालू आहे तोवर बढती मोहोरबंद पाकिटात, आणि चौकशी चालू असताना रिटायर झाला तर तात्पुरती पेन्शन घ्या, ग्रॅच्युइटी निकालापर्यंत विसरा. दोषी ठरवायची गरजच पडत नाही.

त्याच्या बायकोने मला एकदा बाजारात गाठलं आणि म्हणाली, "ताई, यांनी नेमकं चुकीचं काय केलं, ते तरी कोणी लिहून द्या." मी काय सांगणार होते? लिहून देणारा कोणी नव्हताच.

आता कायद्याचं. दुबेंच्या खुनानंतर सुप्रीम कोर्टाने कान टोचले, म्हणून एप्रिल २००४ मध्ये केंद्राने एक ठराव काढला. त्याखाली केंद्रीय दक्षता आयोगाकडे बंद पाकिटात तक्रार करता येते आणि नाव गुप्त ठेवणं आयोगावर बंधनकारक आहे. पण हे केंद्राच्या खात्यांपुरतं. म्हणजे भुसावळच्या रेल्वेतला माणूस किंवा वरणगावच्या आयुध निर्माणीतला कामगार ते पाकीट पाठवू शकतो. त्याच भुसावळच्या तहसील कचेरीतल्या कारकुनाला, नगरपालिकेतल्या लेखापालाला ते दार नाही. एका गावात, एका गल्लीत राहणारी दोन माणसं, आणि एकाला आडोसा तर दुसरा उघड्यावर.

हे भरून काढायला संसदेने जागल्या, म्हणजे आतला गैरप्रकार उघड करणारा, त्याच्या संरक्षणाचा कायदा केला. फेब्रुवारी २०१४ मध्ये तो राज्यसभेत मंजूर झाला, मे महिन्यात राष्ट्रपतींची सही झाली. राज्याचे कर्मचारीही त्यात येतात. तक्रारदाराचं नाव फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची तरतूद अशी की, तक्रारीमुळे छळ झाला असं कर्मचारी म्हणाला तर तसं झालेलं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी खात्यावर. हा कायदा आजही लागू नाही. सही झाली, राजपत्रात छापला, पण अमुक तारखेपासून अमलात येईल ही एका ओळीची अधिसूचना केंद्राने काढलीच नाही. २०१५ मध्ये दुरुस्तीच्या नावाखाली त्याचे दात काढायचं विधेयक आणलं, तेही पुढे बारगळलं. दहा वर्षं उलटून गेली. सरकारं कोणाची होती यात मला पडायचं नाही, तो कायदा कोणालाच नको आहे.

बाहेरून लोक म्हणतात, हिंमत दाखवायला हवी. हिंमतीची किंमत आपल्या शेजारीच मोजली गेली आहे. २५ जानेवारी २०११, मनमाडजवळचं पानेवाडी. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे तेलाची भेसळ पकडायला गेले आणि त्यांना रॉकेल ओतून जाळून मारलं. भरदिवसा. अपर जिल्हाधिकाऱ्याची ही गत, तर रात्री गिरणेच्या पात्रात वाळूच्या ट्रॅक्टरसमोर उभ्या राहणाऱ्या तलाठ्याने काय समजायचं?

जळगावचं घरकुल घोटाळ्याचं प्रकरण घ्या. पालिकेचे तेव्हाचे आयुक्त प्रवीण गेडाम यांनी २००६ मध्ये फिर्याद दिली आणि धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ऑगस्ट २०१९ मध्ये दोन माजी मंत्र्यांसह ४८ जणांना दोषी ठरवलं. पुढे अपिलं झाली, ती कोर्टाची बाब. मला त्यात वर्षं दिसतात. तेरा वर्षं. आयएएस अधिकारी दुसऱ्या जिल्ह्यात जातो, त्याच्यामागे केडर असतं. साक्षीला उभा राहणारा पालिकेतला कारकून कुठे जाणार? त्याचं घर त्याच गल्लीत, त्याची नोकरी त्याच इमारतीत.

आणि मागच्या वर्षा-दोन वर्षांतलं धुळ्याचं विश्रामगृह तर सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. मे २०२५, विधिमंडळाची अंदाज समिती दौऱ्यावर होती आणि शासकीय विश्रामगृहाच्या एका खोलीतून १ कोटी ८४ लाखांच्या आसपास रोकड निघाली. त्या खोलीच्या दाराबाहेर ठिय्या देऊन बसले होते एक माजी आमदार. तपासात काय निघायचं ते निघो. मला एवढंच विचारायचंय की एखाद्या कनिष्ठ लिपिकाला त्या दाराबाहेर तसं बसता आलं असतं का?

कंत्राटी पोरांचं तर याहून वाईट. डेटा एंट्री ऑपरेटर, आरोग्य अभियानातल्या सिस्टर, रोजगार सेवक. त्यांना धडगावला पाठवायचीसुद्धा गरज नाही. अकरा महिन्यांची ऑर्डर संपते आणि पुढची निघत नाही. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, मेलेल्या माणसाचं नाव पाहिलं तरी ती पोरं खाली मान घालून एंट्री मारतात, आणि शेजारचा अहिराणीत समजावतो, "आपले काय करनं शे." म्हणजे आपल्याला काय करायचंय. मी त्या पोरांना दोष देणार नाही.

खोट्या तक्रारींचा धंदा करणारे आहेत, हेही खरं आहे. माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा, ठेकेदाराकडून पाकीट घ्यायचं आणि अर्ज मागे घ्यायचा, असे लोक प्रत्येक तालुक्यात दोन-चार निघतील. पण यांना साहेब लोक बरोबर ओळखतात आणि सांभाळूनही घेतात. भीती वाटते ती फूटपट्टी घेऊन रस्त्यावर बसणाऱ्याची. अंगठ्याएवढ्या खोटेपणासाठी हातभर सत्य दाबायचं हा कुठला न्याय?

माझी मागणी एका ठिकाणी येऊन थांबते. आपण नेहमी तक्रार करणाऱ्याला तपासतो, त्याचा हेतू, त्याचा स्वभाव, त्याचा जुना गोपनीय अहवाल. बदलीच्या, निलंबनाच्या ऑर्डरवर सही करणाऱ्याला कोणी कधी काही विचारलंय? कर्मचारी संभाजीनगरला मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जातो, वकिलाची फी स्वतःच्या खिशातून भरतो, बदली रद्द करून आणतो. सरकारच्या बाजूचा खर्च तुमच्याआमच्या कराच्या पैशातून होतो. आणि बेकायदा ऑर्डर काढणारा तोवर बढती घेऊन पुढे गेलेला असतो. बदली रद्द झाली की कर्मचाऱ्याचा खर्च सही करणाऱ्याच्या पगारातून वसूल करा आणि त्याच्या सेवापुस्तकात तशी नोंद घ्या. एलपीसी अडवली तर अडवणाऱ्याचाही पगार त्याच महिन्यापासून थांबवा. याला नवा कायदा लागत नाही, शासन निर्णय पुरतो. कर्मचारी संघटनांनी वेतन आयोगासाठी जेवढा जोर लावला, त्याच्या पावपट यासाठी लावावा.

नोकरीत असलेल्या पोरांसाठी थोडं कामाचं. तक्रार तोंडी करू नका, लेखी द्या आणि दुय्यम प्रतीवर तारखेची पोच घ्या. सेवापुस्तकाची दुय्यम प्रत आजच आपल्याजवळ अद्ययावत करून ठेवा, गरज पडल्यावर ती मिळत नाही. निलंबित केलं तर तारीख लिहून ठेवा, तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढे ओढता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये अजय कुमार चौधरी प्रकरणात सांगितलंय. मॅटमध्ये जायचं तर साधारण एका वर्षाच्या आत. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना मॅट लागू नाही, त्यांनी वकिलाला आधी विचारावं. लाच मागितली तर लाचलुचपत खात्याचा १०६४ हा फोन नंबर आहे. शक्य असेल तिथे एकट्याने सही करू नका, चौघांची घ्या, चौघांना एकदम धडगावला पाठवणं अवघड जातं.

ऑर्डरची भाषा समजत नसेल, उत्तर कसं लिहायचं कळत नसेल, तर मला मेसेज करा. कागद वाचून देईन, मसुदाही करून देईन, पैसे लागणार नाहीत. खाली कमेंटमध्ये मात्र आपलं ऑफिस, हुद्दा, साहेबांचं नाव काही लिहू नका. ही पोस्ट तुमचे साहेबही वाचत असतील.